नाकावर टिच्चून

ताप उतरला त्या सकाळी नवऱ्यानं आणून दिलेल्या कपातला पहिला घोट तिनं घेतला आणि म्हणाली, "अहो, यात कॉफी घालायची विसरलात की काय?"

नवरा शिंपी. गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या, त्यामुळे बोलणं मुळातच कमी. त्यानं टाचण्या काढून हातात धरल्या, तिच्याच कपातला घोट घेतला आणि म्हणाला, "विसरतोय कुठला? नेहमीपेक्षा चमचाभर जास्तच पडलीय."

तिनं कप पुन्हा नाकाशी नेला. ओली, गरम वाफ लागली, बाकी काही नाही. मग ती उठली आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून हुंगायला लागली. मिरी, साबण, सोललेला लसूण, शेवटी नवऱ्याच्या मशीनच्या तेलाची बाटली. सगळं सारखंच. जणू घरातल्या प्रत्येक वस्तूवर कोणी काच बसवून गेलं होतं.

दुसऱ्या कोणाचं नाक असं गेलं असतं तर "बरं झालं, गटाराचा वास तरी वाचला" म्हणून लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. पण ही कॉफी भाजण्याच्या कारखान्यात भट्टीवर उभी राहणारी बाई. तिथं तिला नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे तिला नाकवाली म्हणत. दाणे भट्टीतून नेमके कधी काढायचे, हे ती वासावरून सांगायची. घड्याळ चुकेल, काटा अडकेल, नाकवाली चुकायची नाही, अशी तिची ख्याती. तिलाही त्याचा थोडा ताठा होता. नवी माणसं भट्टीपाशी आली की ती त्यांना मागं सारायची, "सरका, अंगाला अत्तर लावून इथं उभं राहू नका."

कारखान्यात परतल्यावर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सवयीनं, अंदाजानं दिवस ढकलले. शेवटी व्हायचं तेच झालं. एक अख्खी भट्टी करपली. धूर छतापर्यंत गेला, लोक खोकायला लागले, आणि ही भट्टीच्या तोंडाशी शांत उभी!

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. उद्यापासून पाकिटांना लेबलं चिकटवा. बसून काम आहे, त्रास नाही."

"मला भट्टीवरच ठेवा. मी शिकून घेईन."

"काय शिकणार?" मालक हसले. "नाकाशिवाय कॉफी भाजता येत असती तर इतकी वर्षं मी तुम्हाला कशाला ठेवलं असतं?"

दोघं-तिघं हसली. त्यात हिनंच हाताला धरून शिकवलेलीही होती. तिच्या डोक्यात सणक गेली.

"येते भाजता," ती म्हणाली.

"कशी?"

कशी, ते तिला तरी कुठं माहीत होतं? पण जीभ थांबायला तयार नव्हती. "ते मी बघते. पण भाजून दाखवीन. तुमच्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून भाजून दाखवीन."

तिनं अंगावरचा एप्रन सोडला, मालकांच्या टेबलावर घडी करून ठेवला आणि बाहेर पडली. रागाच्या भरात माणूस उडी मारतो, खाली पाणी आहे की दगड ते नंतर कळतं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "लेबलं चिकटवायला काय हरकत होती?"

"तुमचे डोळे गेले तर बटणं मोजत बसाल का?"

त्यानं त्यावर विचार केला आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. त्याच्या बाजूनं तो विषय तिथं मिटला.

ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तिनं पोतंभर कच्चे दाणे आणले आणि कढईत भाजायला बसली. पहिली कढई करपली. दुसरी बाहेरून काळी, आतून कच्ची. तिसऱ्या वेळी कंटाळून तिनं डोळे मिटले, आणि कढईतून आवाज आला. तड. मग थोडं थांबून पुन्हा तड, तड. वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा. दाणा तापून फुटतो तेव्हा तो बोलतो, हे तिला ठाऊक होतंच. पण कारखान्याच्या गोंगाटात तो आवाज कधी धड कानावर पडलाच नव्हता, आणि नाक हजर असताना कानाला विचारतो कोण? कान बिचारा इतकी वर्षं थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला. थोरला घर सोडून गेल्यावर धाकट्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं.

कढईत सगळे दाणे सारखे भाजले जात नाहीत. त्यांना फिरतं ठेवणारा बंद ड्रम हवा. तिनं एक मोठा स्टीलचा डबा घेतला आणि गल्लीच्या टोकाच्या वेल्डरकडे गेली. वेल्डर नवऱ्याचा दोस्त. लोक त्याला ठिणगी म्हणत, कामावरूनही आणि स्वभावावरूनही.

"ठिणगीभावजी, या डब्यातून आरपार दांडा घालून द्या. आडवा फिरला पाहिजे."

"वहिनी, डबा फिरवून काय लॉटरी काढायचीय?"

"दांडा घाला आधी, मग हसा."

मागच्या गॅलरीत पहिलं यंत्र उभं राहिलं. खाली गॅसची शेगडी, वर आडवा डबा, आणि दांड्याला नवऱ्याच्या शिलाई मशीनची मोटर. मोटर सुरू केली आणि डबा असा गरगरला, की दाणे डब्याच्या भिंतीला चिकटून बसले. जत्रेतल्या पाळण्यात माणसं घाबरून दांडा धरून बसतात तसे. एका अंगानं जळाले, दुसऱ्या अंगानं हिरवेच. तिनं सायकलची दातेरी चाकं आणि साखळी लावून वेग कमी केला. आता दाणे खाली सुटले, पण डब्याच्या तळाशी ढिगारा करून लोळत पडले. उलटायचं नाव नाही. मग ठिणगीनं आतल्या बाजूला पत्र्याची तिरपी पाती जोडून दिली. पाती दाणे उचलू लागली, वर नेऊन खाली सोडू लागली. सगळे सारखे भाजले जाऊ लागले.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आता काही ऐकूच येत नाही. मोटर घुमते, साखळी खडखडते, त्यात दाण्याची तडतड कुठली सापडायला? तिनं मोटरखाली रबर घातलं. साखळीला तेल पाजलं. नरसाळ्याला नळी जोडून ती कानाला लावून पाहिली, तर साखळीच दुप्पट मोठ्यानं ऐकू आली. ती गॅलरीत पायरीवर बसून राहिली. समोर खोलीच्या कोपऱ्यात नवऱ्याची जुनी पायमशीन होती, त्याच्या वडिलांची. मोटरवालं मशीन आल्यापासून तिच्यावर कापडांचे ढीग पडलेले असत. खाली लोखंडी पायटा, बाजूला मोठं चाक, त्यावर चामडी पट्टा. मोटर नाही, साखळी नाही, आवाज नाही.

ती नुसती बघत राहिली. नवऱ्यानं तिच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मोटर नेलीस, मी बोललो नाही," तो म्हणाला.

"नाही बोललात."

"हे बाबांचं आहे."

"माहितेय मला. मी कुठं काय म्हणाले?"

बराच वेळ कात्री चालण्याचा आवाज येत राहिला. मग तो उठला. त्यानं कापडांचे गठ्ठे उचलून पलंगावर ठेवले, पेचकस घेऊन मशीनचं वरचं डोकं स्वतःच्या हातानं सोडवलं, मऊ कापडात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. "खालचं घे," म्हणाला. "याला फक्त हात लावायचा नाही."

पायानं चालणारी भट्टी अशी जन्माला आली, आणि मोटर परत नवऱ्याच्या मशीनवर गेली. ड्रम दुहेरी पत्र्याच्या पेटीत बसवला, मधे हवेची पोकळी ठेवली, म्हणजे गरमी बाहेर पळू नये. दांड्याच्या टोकाला पायट्याच्या चाकाएवढंच चाक लावलं. दांडा पोकळ घेऊन त्यातून तापमापकाची सळी आत सोडली. समोर काचेची खिडकी ठेवली. आधी पिवळा दिवा लावला होता, त्यात कच्चा दाणाही भाजल्यासारखा दिसे, म्हणून पांढरा लावला. भाजलेले दाणे झटकन गार करायला एक रुंद चाळणी आणि तिच्याखाली उताणा ठेवलेला टेबलफॅन. आणि ती शिवायला बसल्यासारखी स्टुलावर बसून पाय हलवू लागली.

आता तिला सगळं ऐकू येत होतं. शिवाय आणखी एक गोष्ट हाती लागली, की पायी म्हणा. दाणे कच्चे असताना पायट्याला जड लागत. ओल उडाली की पाय हलका पडे. फुगून मोठे झाले की ड्रममध्ये त्यांची सळसळ बदले, आणि ती तळपायाला जाणवे. यंत्र तिच्याशी बोलायला लागलं होतं, आणि बोली तिला समजत होती.

पण सगळंच काही पायाला कळत नाही.

एका दुपारी मुलगी भेटायला आली होती. मुलगी नर्स. इस्पितळात दिवसभर दुसऱ्यांना दम देऊन तिला दम द्यायची सवय लागलेली. बापलेक आत बोलत होती. ही गॅलरीत खिडकीच्या काचेला डोळे लावून बसली होती. दाण्यांवरून सुटणारे पातळ पापुद्रे धुरासोबत वरच्या पाइपातून बाहेर जात. त्या पाइपाला एक वाकण होतं. रोजचे पापुद्रे तिथं साठत गेले होते, त्यात एक ठिणगी जाऊन बसली. तिच्या पाठीमागं पाइप लाल झाला, धूर खोलीत घुसला, आणि ही पाय हलवतेय.

"पेटलं! अहो, पेटलं!" वरच्या मजल्यावर राहणारे मास्तर खिडकीतून ओरडले.

नवरा धावला. हाताला लागलं ते बादलीत बुडवून त्यानं पाइपावर टाकलं. ते गिऱ्हाइकाचं नुकतंच शिवून झालेलं जाकीट होतं. आग विझली. जाकीटही विझलं.

धूर गेल्यावर मुलीनं तोंड उघडलं. "आई, हे बंद. आजच्या आज."

"पाइप चुकला. पाइप बदलीन."

"पाइपाचं नाही बोलत मी. तुझ्या मागं आग लागली होती आणि तुला कळलं नाही! तुला जळल्याचं कळत नाही, आई. उद्या गॅस सुटला तर? बाबा आत झोपलेले असले तर?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जिव्हारी लागलं. ती म्हणाली, "तुझ्या इस्पितळात एक पाय नसलेला माणूस आला, तर त्याला काय सांगता? आता पडून राहा म्हणून?"

"कुबडी देतो."

"मग मला कुबडी दे. पडून राहा म्हणू नको."

मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप ओलं जाकीट पिळत होता. "माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "आधी माझी मोटर नेली, मग बाबांची मशीन, आता जाकीटही गेलं. माझं या घरात कोण ऐकतं?"

मुलगी रागानं निघून गेली. पण थोड्या दिवसांनी परत आली ती धुराचा आणि गॅसचा, असे दोन भोंगे घेऊन. गॅसचा शेगडीजवळ बसवला. धुराचा गॅलरीच्या दारावर लावला, तर तो भाजणी सुरू झाली रे झाली की बोंबलायला लागे. मग तो आतल्या खोलीत नेला. दुसरी अट, घरात कोणी नसताना शेगडी पेटवायची नाही. आईनं ती मुकाट्यानं मान्य केली. शेगडीशेजारी वाळूची बादली आली. ठिणगीनं पाइपाचं वाकण काढून टाकलं आणि मधे एक उभा डबा बसवला. धूर त्यात गोल फिरे, पापुद्रे खाली पडत, धूर वर जाई. प्रत्येक भाजणीनंतर डबा काढून झाडायचा, मग पुढचं काम.

आता राहिले मास्तर. ते शाळेतून निवृत्त झालेले, आणि चुका काढायचं काम मात्र घरी घेऊन आलेले. तोंडाला रुमाल लावून ते दारात उभे राहिले. "बाई, तुमच्या धुरानं आमच्या पडद्यांना वास लागलाय. मी तक्रार करणार आहे."

"कसला वास येतो पडद्यांना?"

"कसला म्हणजे? धुराचा!"

"तसं नको मास्तर, नीट सांगा. पाव भाजल्यासारखा? ओल्या गवतासारखा? की कागद जळल्यासारखा?"

मास्तर चक्रावले. ती खवचटपणे विचारत नव्हती, खरंच विचारत होती. त्यांनी रुमाल बाजूला केला, जरा हुंगलं आणि नाइलाजानं म्हणाले, "कालचा गवतासारखा होता. आजचा... कागदासारखा."

"बघा! म्हणजे डबा भरलाय." ती लगेच डबा झाडायला वळली. "उद्या पण तक्रार करा हं."

त्या दिवसापासून मास्तरांची तक्रार रोज वरून खाली येऊ लागली. "आज पावासारखा!" "आज काही कमी वाटतंय!" पाइप तिनं त्यांच्या खिडकीपासून दूर वळवून दिला, तेव्हा तर ते चक्क नाराज झाले. आता वास घ्यायला त्यांना जिना उतरावा लागत होता.

हळूहळू कॉफी चांगली होऊ लागली. चव तिला स्वतःला कळत नव्हती. जिभेला कडू कळे, आंबट कळे, तेवढंच. बाकीचं ती पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखी. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईनं एकदा नमुना नेला, दुसऱ्या दिवशी मोठी पिशवी मागितली. तिच्याकडे बसणारी माणसं विचारू लागली, ही कॉफी कुठली? बेकरीवाली सांगे, "नाक नसलेल्या बाईची." जाहिरात म्हणून याहून वाईट काही सुचलं नसतं, पण लोक तीच मागायला लागले.

बोलता बोलता ते कारखान्यापर्यंत पोचलं. एक दिवस मालक स्वतः आले. गॅलरीत डोकावून त्यांनी पायमशीन पाहिली, डबा पाहिला, बादली पाहिली.

"ही भट्टी?"

"हीच."

"आणि वास कोण घेतं? नवरा?"

"नवऱ्याला सर्दी आहे. बसा."

मालकांनी खिशातून एक पुडी काढली. "हे दाणे तुम्ही कधी पाहिले नसतील. नव्या मळ्यातले आहेत."

तिनं दाणे तळहातावर घेतले, नखानं दाबून पाहिले. कडक होते. शेगडी मोठी केली, दाणे आत सोडले, पाय हलू लागला. दाणे पिवळे झाले, मग तपकिरी. मालक कारखान्याची हकीकत सांगत होते.

"शू," ती म्हणाली.

"अहो, मी फक्त..."

"मालक, तोंड बंद!"

असं त्यांना आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. तड. तड तड. मग सरीसारखी तडतड, आणि ती विरळ होत गेली. तिचा पाय एकदम थांबला, झाकण उघडलं, दाणे चाळणीत कोसळले, पंखा घुमू लागला.

नवऱ्यानं कॉफी करून आणली. मालकांनी घोट घेतला, मग दुसरा. कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाले, "परत या. मोठ्या भट्टीवर. माझी चूक झाली म्हणतो."

चूक झाली म्हणायला माणसाला किती जड जातं, ते तिला माहीत होतं. तिच्या मनात क्षणभर काहीतरी हललंही. पण ती म्हणाली, "तुमची मोठी भट्टी फार गोंगाट करते. तिथं मला काही ऐकू येणार नाही."

"मग लेबलं..." त्यांनी जीभ चावली.

"लेबलं तुम्ही चिकटवा. बसून काम आहे."

आत टाचण्या सांडल्याचा आवाज झाला. नवरा हसला होता.

गोष्ट इथं थांबली असती तर छान झालं असतं. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती दचकून जागी झाली. घरात टायर जळत होतं! ती धावत गॅलरीत गेली. भट्टी गार. शेगडी बंद. भोंगे गप्प. वास येत होता तो टेबलावरच्या कपातून. नवरा कॉफी पीत होता.

नाक परत आलं होतं, पण वाकडं होऊन. लसूण, साबण, पाऊस, सगळं हळूहळू ठीक होत गेलं. कॉफी तेवढी जळक्या रबराची. मुलीनं डॉक्टरांना विचारून सांगितलं, "असं होतं कधी कधी. जाईल, किंवा नाहीही जाणार."

पहिल्याच भाजणीला तिला मळमळून आलं. ती मोरीत जाऊन ओकली. तोंड धुऊन आरशात बघत उभी राहिली, आणि तेव्हा मात्र रडली. नाक नव्हतं तोवर तिला वाटत होतं, की आयुष्यभर आवडलेली ती गोष्ट कुठंतरी तशीच ठेवलेली असेल. आता तीही नासली होती. नवरा दाराशी उभा होता. त्यानं टॉवेल पुढं केला.

सगळ्यांना वाटलं, आता ही थांबणार. मुलगी जवळ बसून हळू आवाजात म्हणाली, "आई, तू दाखवलंस त्यांना. आता पुरे केलंस तरी कोणी काही म्हणणार नाही."

"कोणाला दाखवायचं म्हणून सुरू केलं, ते खरं," ती म्हणाली. "पण आता नाक खोटं बोलतंय आणि कान खरं बोलतोय. मी खोट्याचं ऐकून घरी बसू?"

"तुला त्रास होतो, आई."

"होतो. होऊ दे."

दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून तिनं नाकाला लावला. दुखायला लागला, तेव्हा नवऱ्यानं त्याच्या आतून मऊ कापडाची पट्टी शिवून दिली. चिमटा लावून बोललं की आवाज गेंगाणा येई. मास्तर वरून काही विचारत, ती खालून उत्तर देई, आणि जिन्यातल्या लोकांना हसू आवरत नसे. तीही हसे, पण पाय थांबत नसे. भाजणी संपली की उघड्या खिडकीशी जाऊन ती चिमटा काढी आणि मोठा श्वास घेई.

बेकरीची मागणी वाढली तसा तो लहान ड्रम पुरेना. ती पुन्हा ठिणगीच्या दुकानात गेली. भिंतीला जाड पत्र्याची नवी चादर टेकून ठेवली होती. तिनं हातानं माप दाखवलं.

"एवढा मोठा?" ठिणगी म्हणाला. "वहिनी, एवढा ड्रम पायानं ओढेल का?"

"दोन पायटे लावू. दुसऱ्यावर हे बसतील. नाहीतरी दिवसभर बसूनच असतात."

"आणि वास? त्या वासात अजून मोठा ड्रम?"

"मग काय, लहान करू?"

ठिणगीनं कानामागचा खडू काढला. तिनं तो त्याच्या हातातून घेतला, पत्र्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि स्वतःच रेघ मारायला लागली.